कोयत्याच्या गाठोड्यात डाळ्याचा लाडू

(बीड जिल्ह्यातील महिला बचत गटांच्या भगिनींसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपले की बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवर निराळीच लगबग सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोणत्या कारखान्यावर जायचे ते ठरलेले असते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी अशा तालुक्यांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. पुढचे पाच-सहा महिने हे जोडपे, आणि पुष्कळदा त्यांची लेकरेही, उसाच्या फडालगतच्या कोपीत राहतात. गाठोड्यात भांडी, अंथरूण, बाजरी-ज्वारीचे पीठ आणि तिखट-मीठ असते. लेकरांसाठी वाटेत बिस्किटांचे पुडे घेतले जातात. आजचा विषय त्या पुड्यांच्या जागी काय जावे, हा आहे.

विषय वरवर स्वयंपाकघरातला वाटेल. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) महाराष्ट्राविषयी नोंदविलेले आकडे पाहिले की त्याचे गांभीर्य ध्यानी येते. राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. ही संपूर्ण राज्याची सरासरी आहे. जी माउली पहाटे तीनला उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरते आणि स्वतःच्या ताटाचा विचार सर्वांत शेवटी करते, तिची अवस्था या सरासरीहून बरी असेल असे मानण्यास काहीही आधार नाही.

चूल नको, दूध नको

कोपीतील संसाराच्या अडचणी ठरलेल्या आहेत. सरपण कमी, वेळ त्याहून कमी, दुभते जनावर नाही आणि शीतकपाटाचा तर प्रश्नच नाही. येथे उपयोगी पडणाऱ्या खाऊला काही अटी आहेत. तो करताना चूल पेटवावी लागू नये, त्यात दूध-तूप नसावे, तो टिकावा, खिशाला परवडावा आणि लेकरांनी आवडीने खावा. या साऱ्या अटी पूर्ण करणारा पदार्थ आपल्या आजी-पणजीच्या हातचा आहे. फुटाण्याची डाळ, म्हणजे डाळं, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ यांचा लाडू!

युरोप-अमेरिकेत दूध, तूप, मध आदी सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणाऱ्या आहाराला ‘व्हीगन’ म्हणतात. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द रूढ केला. अलीकडे तिकडे काबुली चणे, शेंगदाण्याचा लगदा आणि खजूर एकत्र करून भट्टीत न भाजता वळलेले गोळे आरोग्यदायी खाऊ म्हणून आवडीने खाल्ले जातात. आपल्याकडे केक-बिस्किटांची भट्टी घरात कधी नव्हतीच. भाजणे, उकडणे, शिजवणे आणि वळणे यांतूनच आपली मिठाई घडली. नागपंचमीला अनेक घरी तवा चढवीत नाहीत, तेव्हा पुरणाचे दिंड वाफेवर उकडले जातात. चण्याची डाळ, गूळ आणि कणीक एवढ्यावर होणारे हे पक्वान्न वरून तुपाची धार घेतली नाही तरी पूर्ण आहे.

तुपाला येथे कोणी कमी लेखत नाही. घरी गाय असेल आणि तूप असेल तर ते अवश्य खावे. मात्र हा दुष्काळी टापू आहे. २०१८-१९च्या दुष्काळात येथील जनावरे चारा छावण्यांत बांधावी लागली होती. अशा मुलखात तूप नाही म्हणून लेकराचा लाडू अडता कामा नये. जुन्या पिढीला १९७२च्या दुष्काळातील ‘सुकडी’ अजून आठवते. खडी फोडण्याच्या कामावर मिळणाऱ्या त्या कोरड्या, गोड खाऊने अनेकांना आधार दिला. पौष्टिक पीठ आणि गोडवा एकत्र करून, शिजवण्याची गरज नसलेला घास कष्टकऱ्याच्या हाती द्यायचा, ही कल्पना महाराष्ट्राने संकटात पारखून घेतलेली आहे.

भडभुंज्याची करामत

डाळं चुलीविना का चालते, हे समजून घ्यावे. हरभरा ओलसर करून भडभुंजा तो तापलेल्या वाळूत परततो. दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, दाणा फुलतो, साल सुटते. साल काढून दोन दले वेगळी झाली की डाळं तयार. म्हणजे अग्निसंस्कार भट्टीवर एकदाच पुरता झालेला असतो. त्याचे पीठ थेट खाता येते.

साध्या बेसनाचे तसे नाही. ते कच्च्या डाळीचे पीठ असते. कच्च्या कडधान्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात. ‘न भाजता’ या शब्दाचा अर्थ ‘कच्चे’ असा कोणी करू नये. राजमा तर नीट भिजवून, खळखळून शिजवल्याशिवाय पोटात जाताच कामा नये. सोयाबीनचा पेरा मराठवाड्यात वाढला आणि मूग-उडदाचा घटला. त्यामुळे घरचे सोयाबीन लाडवात घालण्याचा मोह होईल. ते आधी सुमारे अर्धा तास उकळून, कडकडीत वाळवून, भाजून मगच दळावे, आणि तेही थोड्या प्रमाणात.

प्रमाण आणि कृती

२०० ग्रॅम डाळं, २०० ग्रॅम शेंगदाणे आणि २०० ग्रॅम गूळ हे सोपे प्रमाण आहे. डाळं उन्हात तासभर तापवून बारीक दळावे. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सोलून, त्यांना तेल सुटू लागेपर्यंत कुटावेत किंवा मिक्सरवर फिरवावेत. तुपाचे काम हेच तेल करते. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. गूळ मऊ, चिकीचा घ्यावा आणि किसून कुटात मळावा. मग डाळ्याचे पीठ मिसळून, चिमूटभर मीठ व वेलची किंवा सुंठ घालून घट्ट लाडू वळावेत. मिश्रण सुटे वाटले तर भाजलेल्या तिळाचा कूट चमचा-दोन चमचे घालावा. पाण्याचा हात लावू नये, कारण पाणी लागले की लाडू लवकर बुरसतो. कोरड्या डब्यात हे लाडू दोन आठवडे चांगले राहतात.

एवढ्या साहित्यात प्रत्येकी २५ ग्रॅमचे २४ लाडू होतात. डाळ्यात शेकडा सुमारे २२ आणि शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. त्या हिशेबाने एका लाडवातून चार ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि गूळ जातो सुमारे आठ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन लाडू म्हणजे त्या गरजेचा सहावा हिस्सा झाला. मैद्याच्या साध्या बिस्किटात शेकडा सहा-सात ग्रॅमच प्रथिने असतात, हे शेजारी मांडून पाहावे.

हरभऱ्याऐवजी मूगडाळही चालते. ती मंद आचेवर १५-२० मिनिटे, तांबूस होऊन वास सुटेपर्यंत परतावी आणि मग दळावी. पुरणाच्या गोळ्या लेकरांना फार आवडतात, पण शिजवलेल्या डाळीचा पदार्थ त्याच दिवशी संपवावा. सातूचे पीठही जुने आणि उत्तम आहे. भाजलेले गहू व डाळं एकत्र दळून ठेवावे आणि लागेल तेव्हा गूळपाण्यात कालवावे. पाणी मात्र उकळून गार केलेले हवे. आष्टी-पाटोद्याच्या माळावरचा हुलगा शेंगोळ्यांनाच शोभतो. त्याला लाडवात ओढण्याचे कारण नाही.

कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबासाठी याहून सोयीची एक रीत आहे. सहा महिन्यांचे लाडू वळून नेता येत नाहीत, पण डाळ्याचे पीठ कोरड्या डब्यात आणि शेंगदाणे अख्खे असे वेगळे नेता येतात. गूळ कारखान्याच्या बाजारात मिळतो. आठ-दहा दिवसांतून एकदा भाकरीच्या तापल्या तव्यावरच शेंगदाणे भाजून घ्यावेत, पाट्यावर किंवा खलात कुटावेत आणि लाडू वळावेत. वेगळे सरपण लागत नाही. कामात थोरली लेकही हातभार लावू शकते.

लाडू म्हणजे औषध नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गूळ-शेंगदाणे खाल्ले की रक्त वाढते, असे घरोघरी बोलले जाते. हिशेब मांडला तर काय दिसते? स्त्रीची दिवसाची लोहाची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. दोन लाडवांतून मिळणारे लोह दोन-अडीच मिलिग्रॅमच्या पलीकडे जात नाही, आणि कडधान्यातील लोह शरीरात शोषले जाण्याचे प्रमाणही कमी असते. रक्तक्षय झालेल्या भगिनीने लाडवावर विसंबून लोहाच्या गोळ्या टाळल्या तर तिचे नुकसानच होईल. २०१८ पासून ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रम चालू आहे आणि या गोळ्या आरोग्य केंद्रात व आशाताईंकडे मिळतात. निघण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे आणि पुढच्या महिन्यांच्या गोळ्यांची पुडी गाठोड्यात ठेवावी. लाडवासोबत आवळा, पेरू किंवा लिंबू खाल्ले तर लोह अधिक शोषले जाते. जेवणाला किंवा लाडवाला लागून चहा घेतला तर ते घटते. हे पथ्य पाळण्यास पैसा लागत नाही.

आणखी काही सावधगिरी सांगावीशी आहे. बुरसलेले, काळे पडलेले, कडवट शेंगदाणे निवडून फेकावेत, कारण त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. लहान लेकरांना अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. त्यांना लाडू कुस्करूनच द्यावा. सहा महिन्यांच्या आतील तान्ह्याला आईच्या दुधावाचून काहीही नको. कोणाला शेंगदाण्याने अंगावर पित्त उठत असेल वा धाप लागत असेल तर त्याने हा लाडू खाऊ नये. गूळही साखरेचाच भाऊ आहे. शहरातील मधुमेही मंडळींनी ‘पौष्टिक’ या शब्दावर भुलून चार लाडू खाऊ नयेत.

बचत गटांनी काय करावे?

बीड जिल्ह्यात बचत गटांचे जाळे आहे. अंबाजोगाईत दीनदयाळ शोध संस्थानचे कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीत १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, आणि त्याच्या बदनापूर येथील केंद्राने तुरीसारख्या कडधान्यांचे वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. ज्ञान जवळ आहे, माल शिवारात आहे आणि हात आपले आहेत. विक्रीसाठी लाडू करायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी, स्वच्छ जागा आणि वेष्टनावर तारीख व घटक एवढे पाळावेच लागते. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबे दिवाळीत असे लाडू आनंदाने घेतील आणि त्यातून गटाला चार पैसे मिळतील.

परंतु पहिला डबा गावातल्या कोयत्याचा असावा. फेब्रुवारीत हरभरा निघतो, तेव्हा गटाने थोडा एकत्र विकत घेऊन भडभुंज्याकडून फोडून घ्यावा. पिंपात कोरडे ठेवलेले डाळं दसऱ्यापूर्वी एकदा निवडून, उन्हात तापवून, दळून घ्यावे. प्रत्येक जोडप्यामागे दोन किलो पीठ आणि एक किलो शेंगदाणे एवढे निघताना द्यावे. हे दान म्हणून देऊ नये. घामाची भाकरी खाणाऱ्याला दान रुचत नाही. हंगाम संपवून परतल्यावर त्यांनी गटाला सवडीने पैसे द्यावेत, म्हणजे उचलीच्या व्याजाखाली दबलेल्या घरावर निराळे ओझे पडणार नाही.

काही लेकरे आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, त्यांनाही विसरू नये. शाळा सुटल्यावर प्रत्येकाच्या हातावर एक लाडू ठेवण्याची जबाबदारी गावातील पाच-सात घरांनी वाटून घेतली, तर वर्षाला प्रत्येक घराचे काही किलो डाळं-शेंगदाणे खर्ची पडतील. एवढे आपल्या गावांना जड नाही. या वर्षी किती डबे दिले, किती कुटुंबांनी ते वापरले आणि किती भगिनींनी गोळ्या पूर्ण घेतल्या, याची नोंद प्रत्येक गटाने वहीत ठेवावी आणि चैत्रात मंडळी परतली की ती त्यांच्यासमोर वाचावी. जे चुकले ते त्याच सांगतील आणि पुढच्या वर्षीचे प्रमाण त्यांच्याच सल्ल्याने ठरेल.