ॲस्पेन : चांदीचे गाव, बर्फाचे गाव

कोलोरॅडो राज्यात रोअरिंग फोर्क नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,९०० फूट उंचीवर ॲस्पेन वसले आहे. आज हे गाव स्कीसाठी जगभर ओळखले जाते. पण येथे भरलेल्या खाणगावांच्या परिषदेचे प्रतिनिधी ज्या रस्त्यांवरून सभागृहात आले, ते रस्ते आखले गेले चांदीसाठी. त्याहीआधी हे खोरे युट लोकांचे होते. उन्हाळ्यात ते येथे शिकारीला येत. १८७९ मध्ये लेडव्हिलहून निघालेले काही धातुशोधक बारा हजार फुटांहून उंच अशी इंडिपेंडन्स खिंड ओलांडून येथे उतरले आणि त्यांनी आपल्या तळाला ‘युट सिटी’ म्हटले. पुढच्याच वर्षी ते नाव बदलून ॲस्पेन झाले. १८८१ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी सरकारने युटांना कोलोरॅडोच्या बहुतेक भागातून हुसकावून यूटामधील राखीव प्रदेशात पाठवले. गावाचा इतिहास या अन्यायापासून सुरू होतो आणि तो तिथूनच सांगितला पाहिजे.

पहिली काही वर्षे हलाखीची होती. डोंगरात चांदी भरपूर होती, पण ती बाहेर नेण्याची सोय नव्हती. खनिज खेचरांच्या पाठीवर लादून खिंडीपलीकडे न्यावे लागे, आणि हा खर्च सोसेल असेच भारी खनिज तेवढे हलवले जाई. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाचा भागीदार जेरोम व्हीलर १८८३ मध्ये येथे आला. त्याने धातू गाळण्याच्या भट्टीत पैसा घातला, बँक काढली, आणि १८८९ मध्ये हॉटेल जेरोम व व्हीलर ऑपेरा हाउस या दोन इमारती उभ्या केल्या. त्या आजही वापरात आहेत. १८८७ मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वे पोचली, पाठोपाठ कोलोरॅडो मिडलंडही आली, आणि हलके खनिजही नफ्याचे झाले. १८९० च्या जनगणनेत गावाची वस्ती ५,१०८ होती.

याच वर्षी शर्मन कायदा झाला. अमेरिकी सरकारने दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घ्यावी, असे त्याने ठरवून दिले. गावाची भरभराट या एका सरकारी गिऱ्हाइकावर मोठ्या प्रमाणात उभी होती. दुसरे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान. तेथील रुपया चांदीचा असल्याने मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींत कोणीही चांदी देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारने ही मुभा बंद केली. चांदीचा भाव लगेच कोसळला आणि त्याच आठवड्यात कोलोरॅडोतील खाणी बंद पडू लागल्या. १ नोव्हेंबरला अमेरिकेने शर्मन कायद्यातील खरेदीचे कलमही रद्द केले. ॲस्पेनच्या बहुतेक इतिहासांत वॉशिंग्टनला जेवढी जागा मिळते, तेवढी मुंबईच्या टांकसाळीला मिळत नाही. ती मिळायला हवी. फोर्टमधील त्या टांकसाळीचा दरवाजा बंद झाल्याने रॉकी पर्वतातल्या खाणमजुराची चूल विझली, हा या गावाच्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

खनिज मात्र संपले नव्हते. पुढच्याच वर्षी स्मगलर खाणीत १,८४० पौंड वजनाचा चांदीचा गोळा सापडला. पण भावच नव्हता. १९०१ मध्ये जेरोम व्हीलरचे दिवाळे निघाले. माणसे पांगली, रिकामी घरे मोडून पडली. राहिलेल्यांनी गुरे पाळली, बटाटे पिकवले. १९३० मध्ये वस्ती उरली ७०५. बाहेरचे लोक या काळाला मरणकळा म्हणतात, पण त्या दिवसांत ज्यांनी शाळा, दुकाने आणि हॉटेल जेरोम चालू ठेवले, त्यांच्यामुळेच पुढे येणाऱ्यांना गाव सापडले.

१९३६ मध्ये ऑलिंपिक पदकविजेता बिली फिस्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जवळच्या खोऱ्यात स्कीसाठी निवास बांधला आणि स्वित्झर्लंडचा गिर्यारोहक आंद्रे रॉख याला उतारांची पाहणी करायला बोलावले. ॲस्पेन पर्वतावरचा पहिला मार्ग रॉखने आखला. गावकऱ्यांनी श्रमदानाने झाडे तोडून तो मोकळा केला आणि खाणीतले जुने ओढयंत्र मोटारीच्या इंजिनाला जोडून माणसांना वर नेणारी घसरगाडी तयार केली. फिस्क १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलात लढताना मरण पावला.

लेडव्हिलजवळच्या कॅम्प हेल येथे महायुद्धात पर्वतीय सैन्याचे प्रशिक्षण होत असे. तेथील ऑस्ट्रियन शिक्षक फ्रीडल फायफर युद्धानंतर स्कीचे केंद्र उभारायला ॲस्पेनला आला. शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपके यांनी भांडवल उभे केले आणि १९४६ च्या डिसेंबरात तेव्हाची जगातली सर्वांत लांब चेअरलिफ्ट सुरू झाली. डोंगराची जमीन जुन्या खाणपट्ट्यांत विभागलेली असल्याने पट्टेदारांशी करार करावे लागले. लिटल नेल, स्पार गल्च ही उतारांची नावे त्याच खाणकाळातली आहेत.

पेपके दांपत्याला केवळ खेळाचे गाव नको होते. १९४९ मध्ये जर्मन कवी गटेच्या जन्माच्या द्विशताब्दीसाठी त्यांनी अल्बर्ट श्वाइट्झर यांना येथे आणले. त्यातून ॲस्पेन इन्स्टिट्यूट आणि संगीत महोत्सव उभे राहिले. १९५० मध्ये अमेरिकेतील पहिली जागतिक अल्पाइन स्की स्पर्धा येथे झाली. १९६७ मध्ये जवळचे स्नोमास हे स्की केंद्र सुरू झाले, आणि जमिनीचे भाव असे चढले की शिक्षक, स्वयंपाकी, लिफ्ट चालवणारे यांना गावात राहणे परवडेना. नगरपालिका आणि पिटकिन परगण्याने १९७० च्या दशकात बांधकामावर मर्यादा घातल्या आणि स्थानिक कामकऱ्यांसाठी, विक्रीच्या किमतीवर बंधन असलेली घरे बांधायला सुरुवात केली. ही घरे गरजेपेक्षा कमी आहेत, पण गावात गावकरी उरले आहेत ते बरेचसे त्यांच्यामुळेच.

खाणीचा जुना वारसा १९८६ मध्ये पुन्हा वर आला. स्मगलर खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर वस्ती झाली होती. त्या मातीत शिसे आणि कॅडमियम आढळल्याने केंद्राच्या पर्यावरण संस्थेने ती जागा विषारी स्थळांच्या यादीत घातली. घराखालची माती उकरण्याच्या योजनेला रहिवाशांनी वर्षानुवर्षे विरोध केला. मर्यादित उपायांनंतर १९९९ मध्ये ते नाव यादीतून निघाले.

स्वागत समिती सर्व प्रतिनिधींना एक विनंती करते : परिषदेच्या मधल्या वेळात स्कीच्या उतारांबरोबर व्हीलर-स्टॅलर्ड वस्तुसंग्रहालय आणि जुन्या खाणींचा परिसर अवश्य पाहावा, आणि आपापल्या खाणगावांच्या नोंदी, नकाशे व हजेरीपटही वेळीच जतन करावेत.