हसावे कोणाला?
(अंबरनाथ पूर्व येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



संध्याकाळच्या अंबरनाथ लोकलने ठाणे सोडले की गप्पांना रंग चढतो आणि आदल्या रात्रीच्या हास्यकार्यक्रमाचा विषय हमखास निघतो. कोणत्या नटाने बाजी मारली, कोणता विनोद शिळा होता, याचा निवाडा उभ्याउभ्याच होतो. पूर्वेला उतरून शिवाजी चौकाकडे चालतानाही वाद संपत नाही. ‘अगदी आमच्या घरातलंच दाखवलं,’ असे एक जण म्हणतो. ‘घरातलं दाखवलं, पण कंपनीतलं कुठं दाखवलं?’ असे दुसरा विचारतो. चळवळीतील कार्यकर्ता अशा गप्पांना रिकामपणाचा उद्योग समजून कान बंद करतो. ही त्याची चूक आहे. त्या दुसऱ्या प्रवाशाचा प्रश्न मुळातलाच आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्या दशकात चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घराघरांत पोचले. १९८६ च्या ‘नुक्कड’मध्ये सायकल दुरुस्त करणारा होता, वायरमन होता, चहाचे दुकान होते. १९८८ च्या ‘वागले की दुनिया’तील कारकुनाला महिन्याच्या खर्चाची चिंता होती. २००१ साली आलेल्या ‘ऑफिस ऑफिस’मधील मुसद्दीलाल कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता. या विनोदात माणसाला काही कामधंदा होता, पगार होता, आणि त्याला अडवणारी व्यवस्थाही डोळ्यांसमोर होती.

२०१४ चा ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ चा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी एक मोठे काम केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एके काळी प्रमाण मराठी मालकाच्या तोंडी आणि गावाकडची बोली गड्याच्या तोंडी, अशी वाटणी सर्रास असे. आता छोट्या गावांतून आणि वस्त्यांतून आलेले कलावंत आपल्या बोलीसकट मध्यभागी उभे राहिले. पवईच्या फिल्टरपाड्यातून आलेल्या गौरव मोरे यांनी वस्तीचे नाव लपविले नाही. ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ हीच आपली ओळख केली. ज्याला अर्जावर स्वतःच्या वस्तीचे नाव लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो, त्याला या अभिमानाचे मोल कळते.

परंतु अशा कार्यक्रमांची दुसरी बाजूही आहे. एखाद्याचा लठ्ठपणा, काळा वर्ण, फाटका खिसा, साडी नेसलेला पुरुष यांवर हमखास हशा वसूल होतो. नवरा-बायको, सासू-सून, शेजारी यांची भांडणे रंगतात; पण आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा कामगार, त्याचा ठेकेदार आणि त्याचा बुडालेला भविष्यनिर्वाह निधी प्रहसनात क्वचितच येतात. याचे कारण लेखकांची कुवत नव्हे. वाहिनी जाहिरातींवर चालते, प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला मोजले जातात. घरातले भांडण कोणालाही दुखवीत नाही. ठेकेदारावरचा विनोद मात्र कोणाला तरी झोंबतो.

विनोदाने सत्तेला चिमटे काढण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. सत्यशोधक जलशांनी भटशाहीची आणि सावकारीची खिल्ली उडवली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत घडले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके राजदरबाराची टर उडवीत तेव्हा प्रेक्षकांतील गरीब माणूस मोठ्याने हसे, कारण ते हसू त्याच्यावर नसे. तो त्या हसण्यात सामील असे.

म्हणून कार्यकर्त्याने दूरचित्रवाणीचा निषेध करीत बसू नये. बारा तास राबून आलेल्या माणसाचे हसू हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही विचारसरणीला नाही. त्याने लोकलमधल्या त्या गप्पांत सामील व्हावे, स्वतःही मनापासून हसावे आणि मग एवढेच विचारावे, ‘काल आपण कोणाला हसलो?’ आपल्यासारख्याच एखाद्या फाटक्या माणसाला हसलो की त्याला फाटका ठेवणाऱ्याला, याचा विचार डब्यातील माणसे आपापसांत करू लागली, तर ठेकेदारावरचे प्रहसन लिहायला वाहिनीची वाट पाहावी लागणार नाही. ते येत्या गणेशोत्सवात याच गावातल्या एखाद्या मंडपात उभे राहू शकेल. ती तयारी या वर्गातून उठतानाच सुरू व्हावी.