भूतकाळ एकदाच!



आज बोलायचे आहे ते इंग्रजीतल्या एका छोट्या क्रियापदाविषयी. ते म्हणजे 'डिड'. दिसायला एवढेसे; पण आपल्या उपनगरांतल्या कितीतरी घरांत त्याने दरारा बसवला आहे. मुलुंड-घाटकोपरची एखादी आई शाळेतून आलेल्या मुलाला हौसेने विचारते, 'डिड यू वेंट टू द लायब्ररी?' मुलगा इंग्रजी शाळेतला. तो फिस्सकन हसतो, आणि ती माउली पुन्हा म्हणून इंग्रजीच्या वाटेला जात नाही. बोरिवलीचा एखादा तरुण अंधेरीच्या सीप्झमध्ये मुलाखतीला जातो. हातात कसब असते, पण समोरच्याला काही विचारायची वेळ आली की तोंडाला कुलूप! चूक एका शब्दाची आणि शिक्षा जन्माच्या मौनाची, हा काही न्याय नव्हे.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधीच्या पिढीला ते पाचवीत भेटले, आणि तेही बहुधा फळ्यावर. कानाला सवय नव्हती. तेव्हा पहिली गोष्ट ही, की 'डिड यू वेंट' हा अडाणीपणा नव्हे. बोलायला शिकणारी इंग्रजांची लहान मुलेसुद्धा पुष्कळदा असेच बोलतात. आपल्या बाबतीत मात्र त्याला मराठीचे वळणही कारण आहे.

ते कसे? आपण म्हणतो, 'तू वाचनालयात गेलास.' याचा प्रश्न करायचा, तर शेवटी 'का' जोडला की काम झाले. पुष्कळदा तोही लागत नाही, नुसता आवाज चढवला तरी पुरते. 'गेलास' आपल्या जागी स्वस्थ असतो. तीच सवय आपण इंग्रजीत नेतो. 'डिड' म्हणजे आपला 'का' असे समजून तो पुढे लावतो आणि 'वेंट' तसाच ठेवतो. इथेच पाय घसरतो. 'डिड' हा 'का' नव्हे. ते 'डू' या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे. प्रश्नही तेच आणते आणि भूतकाळही तेच आणते. मग मागच्या क्रियापदाने मूळ रूपात राहायचे: 'डिड यू गो?' बोरिवलीहून चर्चगेटला जाताना तिकीट एकदाच काढतो ना? भूतकाळाचेही तसेच. तो एकदाच दाखवायचा.

आणि गंमत अशी, की हा नियम आपल्याला परका नाहीच. 'तो बोलू लागला', 'ती येऊ शकली' ही वाक्ये पाहा. भूतकाळ 'लागला' आणि 'शकली' यांनी उचलला. 'बोलू' आणि 'येऊ' तसेच राहिले. 'तो बोलला लागला' असे आपल्याकडे चार वर्षांचे पोरही म्हणणार नाही. तेच इंग्रजीत करायचे, इतकेच.

आता एक अपवाद. 'कोण आले?' हे इंग्रजीत 'हू केम?' 'काच कोणी फोडली?' म्हणजे 'हू ब्रोक द ग्लास?' 'काय झाले?' म्हणजे 'व्हॉट हॅपन्ड?' इथे 'डिड' नाही; म्हणून भूतकाळ मूळ क्रियापदावरच आला. असे का? तर इथे आपण कर्त्याचीच चौकशी करतो आहोत. पण 'तू कोणाला भेटलास?' यात कर्ता ठाऊक आहे. विचारणा कर्माची आहे. लगेच 'डिड' हजर: 'हू डिड यू मीट?' कुठे, केव्हा, कसे, कशासाठी, या प्रश्नांनाही तोच न्याय. शाळेत घोटलेले कर्ता-कर्म असे उपयोगी पडतात! तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन आपल्याकडच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवून त्याचे इंग्रजी करायचे, हीच तिची रीत होती. मराठीचा हात धरून इंग्रजीकडे जाण्यात कमीपणा कसला?

आणखी दोन खुणा ध्यानात ठेवा. 'वॉज' असेल तिथे 'डिड'ला बोलावू नका. 'तो घरी होता का?' म्हणजे 'वॉज ही ॲट होम?' दुसरी खूण अशी: प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की 'डिड' निघून जाते आणि 'वेंट' परत येतो. 'तो कुठे गेला?' हे 'व्हेअर डिड ही गो?', पण 'तो कुठे गेला ते सांगा' हे मात्र 'टेल मी व्हेअर ही वेंट.' भूतकाळ दोन्हीकडे एकदाच आला, पाहिलेत ना?

इंग्रजांनाही हे वळण पडायला वेळ लागला, बरे का! शेक्सपिअरच्या काळी 'डिड'वाचूनही प्रश्न करीत, क्रियापदच उचलून पुढे आणीत. 'डिड'चा पायंडा पक्का व्हायला अठरावे शतक उजाडले. ज्यांची ती भाषा, त्यांना इतका अवधी लागला, तर आपण दोन-चार महिने घ्यायला काय हरकत आहे?

म्हणून रात्री जेवताना घरातल्यांनी एक खेळ करावा. एकाने दिवसभरातली एक गोष्ट सांगावी: 'आय सॉ अ फिल्म', 'आय बॉट फिश.' दुसऱ्याने लगेच प्रश्न करावा: 'व्हेन डिड यू सी इट?', 'व्हेअर डिड यू बाय इट?' 'सॉ'चा 'सी' आणि 'बॉट'चा 'बाय' होताना कानांनी ऐकावा. पाठांतराने जे साधत नाही, ते रोजच्या दहा मिनिटांनी साधते.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक शब्द. आई चुकली तर हसू नका; बरोबर वाक्य हलकेच म्हणून दाखवा आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर द्या. चुकलेल्या प्रश्नालाही उत्तर मिळते. न विचारलेल्याला कधीच मिळत नाही.