आजी घरी आहे, पण ड्युटी कोणाची?

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. तुम्ही हा भाग नागपूरच्या मेट्रोत ऐकत असाल, नाहीतर पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये. आणि आजी-आजोबा गावाकडे. माझंही तसंच. मी पारशिवनीचा. आमच्या तालुक्यात एका बाजूला पेंचचं जंगल, दुसऱ्या बाजूला कन्हानच्या कोळसा खाणी. मधल्या गावांमध्ये घरोघरी एकच चित्र दिसतं: पोरं बाहेर, घरात एक म्हातारं माणूस, आणि त्याचं सगळं करणारी एक बाई.

त्या बाईबद्दल बोलायचंय आज.

शहरात ब्युरोला फोन केला की बारा तासांची अटेंडंट येते. आमच्याकडे तशी सोय सहज मिळत नाही. त्यामुळे खुब्याचं ऑपरेशन होऊन आजी घरी आली, की तिची नर्स म्हणजे काकू, आई, नाहीतर वहिनी. आमच्या घरी काकू. तिचं एक वाक्य सांगतो: "पैसे सगळेच पाठवते बाप्पा. पन रातच्याला दोन वाजता कोनाचे पैसे उठते?"

रात्री दोन वाजता काय असतं? जो माणूस स्वतःहून हलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर कंबर, टाच, माकडहाड इथे कातडी लाल होते आणि मग जखम होते. एकदा झाली की भरायला महिने जातात. शिवाय लघवीला उठवणं, डायपर, अंग पुसणं, भरवणं, गोळ्या. हे सगळं कागदावर लिहून काढा. वेळेसकट. आम्ही लिहिलं तेव्हा दिवसरात्र मिळून बावीस कामं निघाली, आणि बाविसांसमोर नाव एकच.

तुम्ही म्हणाल, सरकारी योजना आहेत ना? आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आजीचं आधार आणि तुमचा मोबाईल, एवढ्यावर नोंदणी होते. आजच करा. २००७ चा कायदाही आहे, मुलं बघत नसतील तर आई-वडील दरमहा रकमेसाठी दाद मागू शकतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सेव्ह करून ठेवा. पण नीट बघा, कार्ड चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. कायदा पैसे मिळवून देतो. कूस बदलायला दोन्ही येत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सेवा हे पुण्य असेलही, पण आधी ते काम आहे. आणि काम वाटून घेता येतं, लांब राहूनही.

फोनवर होणारी सगळी कामं लांबच्यानं घ्यायची. गोळ्या कधी संपतात, पुढची तपासणी कधी, गाडी कोणाची, रिपोर्ट कुठे आहेत. ही डोकेदुखी काकूच्या डोक्यातून काढून तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका.

घरी गेलात की फोटो काढण्याआधी न्हाणी बघा. ओली फरशी, उंबरठा, रात्रीचा अंधार, म्हातारी माणसं इथेच पडतात. भिंतीला धरायला एक दांडा, संडासात कमोड खुर्ची, पलंगापासून दारापर्यंत छोटा दिवा. एका शनिवारचं काम आहे.

आपल्याकडचा मे महिना तर तुम्हाला माहीतच आहे. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून मागेपर्यंत थांबायचं नाही, थोड्या थोड्या वेळानं पाणी द्यायचं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना शिकवा: तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर "झोपू दे, सकाळी बघू" म्हणायचं नाही. लगेच १०८. लकव्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. पारशिवनीहून नागपूरला पोहोचायचा वेळही त्यातच मोजायचा.

शेवटचं, आणि सगळ्यात अवघड. महिन्यातून दोन दिवस तुम्ही ड्युटी घ्यायची. पाहुणा म्हणून जायचं नाही. काकूनं माहेरी जायचं, नाहीतर दार लावून झोपायचं, आणि रात्री दोनला तुम्ही उठायचं. पोरांनीसुद्धा. आजीला लाज वाटेल, तुम्हालाही वाटेल. आम्ही तिघा भावंडांनी पाळी लावली. पहिल्या वेळी आजी माझ्यावर खेकसली, "तुले काय जमते!" दुसऱ्या वेळी तिनंच सांगितलं, उशी कुठे ठेवायची ते.

काकू अजूनही थकते. आजी चालायला लागली नाही, कदाचित लागणारही नाही. पण त्या कागदावर आता चार नावं आहेत.

आज घरी फोन कराल तेव्हा "आजी जेवली का?" विचाराच. पण त्याच फोनवर, करणारीलाही विचारा: "काल रात्री तू किती झोपलीस?" उत्तर आलं की गप्प बसू नका, तारीख द्या.

भाग आवडला तर तो तुमच्या भावंडांच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि वाटूनही घ्या!