अर्ध्या सुताचा प्रश्न
(लातूर येथे महिला गटांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला ‘बायका आणि अपारंपरिक कामं’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. त्यावर आपण आजवर पुष्कळ बोललो. म्हणून मी आज एक लाकडी ठोकळा आणला आहे. हातोहात फिरवा, तोवर मी बोलते.

नांदेडला आमच्या शेडमध्ये आम्ही चौकटी, खिडक्या, शाळेची बाकं करतो. समजा, 40 बाकांचं काम आलं. बाकाला 4 पाय, म्हणजे 160 पाय. प्रत्येक पाय टेपनं मोजायचा, रेघ मारायची, रेघेवर कापायचं. रेघेच्या अलीकडे कापलं की पलीकडे, यातच अर्धा सूत जातो. चौकटीचे दोन उभे अर्ध्या सुतानं लहानमोठे झाले की गुण्या जुळत नाही, पल्ला घासतो, आणि ठेकेदार म्हणतो, “बायकांनी केलंय ना!” पुरुष मिस्त्रीचा पल्ला घासला तर मात्र लाकूड ओलं असतं.

यावरचा उपाय जुनाच आहे. कटर मशीनच्या मागच्या सरळ पट्टीला एक ठोकळा क्लॅम्पनं आवळायचा, लाकडाचं टोक त्याला टेकवायचं आणि कापायचं. एकदा माप लागलं की सगळे पाय एकाच लांबीचे. आम्ही त्याला स्टॉपर म्हणतो. अडचण एवढीच, की आवळताना तो सरकतो. अर्धा सूत कमी करायला हातोडीनं टिचकी मारावी, तर पूर्ण सूत जातो. म्हणून त्यात बोल्ट घालायचा.

तीन सुती बोल्ट, म्हणजे 3/8 इंची. इंची आट्यांचाच मागून घ्या. साध्या जाड आट्यांच्या या बोल्टला इंचात 16 आटे असतात, आणि इंचाचे सूत 8. म्हणजे एक फेरा फिरवला की टोक बरोबर अर्धा सूत सरकतं. पाव फेऱ्याला सुताचा आठवा हिस्सा. एवढं बारीक माप टेपवर दिसतच नाही, पण हाताला लागतं. दुकानदाराकडे मिलिमीटरचाच माल असेल तर साधा 6 मिलीचा बोल्ट घ्या, त्याचा एक फेरा 1 मिलिमीटरचा.

ठोकळा सागवानाचा किंवा चांगल्या वाळलेल्या बाभळीचा. सागवान आपल्या किनवटच्या जंगलातलं, पण विकत घ्यायची गरज नाही, चौकटीचा तुकडा उरतोच. लांबी 3 इंच, जाडी-रुंदी दीड-दीड इंच. लांबीतून आरपार भोक पाडा. मागच्या बाजूला पटाशीनं नटच्या आकाराची खोबणी कोरून नट ठोकून बसवा, वरून ॲराल्डाइट. बोल्ट पुढून घाला, डोकं करवतीकडे. डोकं आणि ठोकळा यांच्यामध्ये आधीच एक मोकळा नट आणि वायसर असू द्या. माप लागलं की पान्यानं डोकं धरून हा नट ठोकळ्यावर आवळायचा, मग बोल्ट हलत नाही. डोक्याचा वरचा भाग कानशीनं सपाट करा. एका कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, फेरे मोजायला बरं पडतं. आत फिरवला की तुकडा लांब, बाहेर काढला की आखूड.

पुढची खालची कड मात्र नक्की तासा. भुसा तिथे साठतो आणि लाकूड टोकाला टेकतच नाही. मग सगळे पाय आखूड निघतात आणि दोष बोल्टला.

दोन गोष्टी जिवाच्या. पातं आणि ठोकळा यांच्यामधला तुकडा अडकून उडू शकतो. म्हणून पातं पूर्ण थांबल्याशिवाय मशीन वर उचलायचं नाही. टेबलाच्या कटरवर तर ठोकळा पात्याच्या बराच अलीकडे हवा, म्हणजे पातं लागण्याआधी लाकूड ठोकळ्यापासून सुटतं. पदर, ओढणी, बांगड्या काय करायच्या ते तुम्हाला सांगायला नको.

लातूरमध्ये बोलते आहे, म्हणून 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माळवदाखाली, दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं गेली. नंतरच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात स्वयम् शिक्षण प्रयोगानं संघटित केलेल्या गावोगावच्या बायका संवाद सहाय्यक झाल्या. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू मारा, अशी ती दुरुस्ती होती, आणि घराघरांत ती समजावण्याचं काम या बायकांचं. ही मोठी गोष्ट होती. पण माझ्या पाहण्यात टेकू कुठे हवा हे बाईनं सांगायचं आणि कापायचा मात्र गड्यानं, अशीच वाटणी राहिली.

आता खरी भानगड सांगते. आमचं काम पाहून एक ठेकेदार म्हणाला, “आता मोजायचं कामच उरलं नाही. नुसतं टेकवून कापायचं. मग मिस्त्रीचा दर कशाला? हेल्परचा घ्या.” बघा, चुकलो तर बायका म्हणून पैसे कापणार, आणि चूकच होऊ दिली नाही तर काम सोपं म्हणून. 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला, 2019 च्या वेतन संहितेत ते तत्त्व आलं. पण ‘सारखं काम’ म्हणजे काय, हे शेडमध्ये ठेकेदारच ठरवतो.

आम्ही गटात बसून दोन गोष्टी ठरवल्या. एक, माप लावण्याचा दर वेगळा, आणि ठोकळे आमच्या पेटीत, साइटवर ठेवायचे नाहीत. दुसरी जास्त महत्त्वाची. नवी मुलगी आली की मशीनला हात लावण्याआधी तिनं स्वतःचा स्टॉपर बनवायचा, आणि माप लावण्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. नाहीतर आमच्यातलीच एक मिस्त्री होते आणि बाकीच्या जन्मभर लाकूड टेकवत बसतात. असं घडताना मी इतरत्र पाहिलं आहे, तेही बायकांच्याच गटात.

चौकटींच्या कामात तो ठेकेदार वेगळा दर द्यायला तयार झाला. बाकांच्या कामात अजून नाही, तिथे बोलणी चालू आहेत.