उत्तर चुकलं, तर वरून तपासा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

१९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आत्ता माझी ओळख 'पुण्यातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली. सवची मंडळी मात्र मला अजून गरम पाण्याच्या कुंडाजवळची, रोज प्रार्थनेला उशिरा पोचणारी मुलगी म्हणूनच ओळखतात. मी संगणकावर बोलावं अशी संयोजकांची अपेक्षा होती. पण मी माझ्या आईच्या आजाराबद्दल बोलणार आहे. आपल्या बहुतेकांचे आईवडील आता सत्तरीच्या आसपास आहेत, आणि आपण मुंबई-पुण्याहून रात्री फोन करून त्यांना "बरी आहेस ना?" एवढंच विचारतो. म्हणून हा विषय.

आपले गणिताचे सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्ही म्हणायचात, "उत्तर चुकलं की शेवटची ओळ खोडू नका, वरून एकेक पायरी तपासा." पुढे मी लोणेऱ्याला इंजिनिअरिंग केलं, वीसेक वर्षं नोकरी केली, पण माझं सगळं काम या एका वाक्यावर चाललं आहे. प्रोग्राम जिथे बंद पडतो, तिथेच चूक असते असं नाही. ती बरीच आधी, भलतीकडेच झालेली असते. ऑफिसात हे मला पाठ होतं. घरी मात्र विसरले.

जुलै २०२१ चा महापूर कोण विसरेल? महाडला मामाच्या दुकानात कमरेएवढा गाळ होता. आई तो काढायला गेली, आणि तेव्हापासून तिला कोरडा खोकला लागला. धुळीचा असेल, असं सगळेच म्हणालो. दिवाळीपर्यंत थांबला नाही, तेव्हा छातीचा एक्स-रे काढला. त्यात वरच्या बाजूला डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी टीबीची औषधं सुरू झाली. मी कोणाला दोष देत नाही. आपल्याकडे टीबी खूप, काही वेळा थुंकीत जंतू सापडतही नाहीत, आणि एक्स-रेवर दोन्ही आजार सारखे दिसू शकतात. पण औषधं चालू असूनही वजन उतरत होतं. तिथे कोणीतरी पुन्हा विचारायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

मग आईची भाकरी बिघडली. तिच्या हातची तांदळाची भाकरी तुमच्यापैकी कित्येकांनी खाल्ली आहे. ती एका बाजूला जाड राहायला लागली. डाव्या हातातून भांडं सुटायचं. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, कधी उलटी व्हायची. आई म्हणाली, पित्त झालंय. वहिनी म्हणाली, वय झालं. हात जड वाटतो म्हणून आई कुंडावर जाऊन गरम पाण्यात हात शेकायची. मी फोनवर ऐकत होते आणि "आराम कर गं" म्हणत होते. खोकला एका डॉक्टरांकडे, हात दुसऱ्यांकडे, डोकेदुखी मेडिकलच्या दुकानात. तिन्ही गोष्टी एका कागदावर कोणी लिहिल्याच नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये पहाटे आईला झटका आला. सगळ्यांना वाटलं, अर्धांगवायू. पनवेलला नेऊन मेंदूचा स्कॅन केला, तर गाठी दिसल्या, एक नव्हे, चार, आणि भोवती सूज. मेंदूचे डॉक्टर फिल्म बघून म्हणाले, "हे इथलं वाटत नाही, दुसरीकडून आलेलं असावं. छातीचा फोटो आहे का?" दादाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तोच दिवाळीतला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढचा प्रवास परळच्या टाटा रुग्णालयाचा. १९४१ पासून महाराष्ट्रातल्या किती घरांनी ती वाट तुडवली असेल! दादा म्हणाला, आईला काही सांगायचं नाही. आईने गेटवरची पाटी वाचली आणि म्हणाली, "टाटात आणलंत, आता काय लपवताय?" तिथेच आमचं लपवणं संपलं.

तिथे मला सरांची पद्धत दिसली. मेंदूत काय आहे हे एमआरआयने पाहिलं. सुरुवात कुठून, हे छाती-पोटाच्या स्कॅनने. पण फोटोवरून कोणी कॅन्सर म्हटलं नाही. फुप्फुसात सुई घालून तुकडा काढला, तेव्हा नाव ठरलं: अडेनोकार्सिनोमा. आईने आयुष्यात विडी ओढली नव्हती. चुलीचा धूर मात्र चाळीस वर्षं घेतला. त्याच्यामुळेच झालं का, हे कोणी सांगू शकत नाही. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हाच प्रकार जास्त आढळतो. त्याच तुकड्याची जनुकीय तपासणी झाली आणि ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला. हा बदल २००४ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. म्हणजे आपण दहावीत असताना या आजाराला हे उत्तर नव्हतंच. तो असला की रोजची गोळी काम करते, आणि अलीकडच्या गोळ्या मेंदूपर्यंतही पोचतात.

सूज उतरवणाऱ्या औषधाने दोन दिवसांत आईचा हात हलू लागला. घरच्यांना वाटलं, बरी झाली. डॉक्टरांनी बसवून समजावलं, सूज गेली आहे, आजार आहे. मेंदूतल्या गाठींवर नेमका किरणोपचार झाला, मग गोळी. आजार मुळापासून जाणार नाही, हेही त्यांनी आईच्या समोरच सांगितलं. आईने एकच विचारलं, "भाकरी थापता येईल का?"

आली. बावीस महिने मिळाले. नातवाची मुंज झाली, दोन गणपती झाले, आणि भाकरी पुन्हा सगळीकडून सारखी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आई गेली, सवच्या घरात.

दिवाळीतच कळलं असतं तर ती वाचली असती का? मी हा प्रश्न डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, कदाचित तेव्हाही पसरलेलं असेल. पण ते तीन महिने तिने विनाकारण सोसले, हे माझं मलाच ठाऊक आहे.

म्हणून मागणं इतकंच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी आणि एक्स-रे करून घ्या. टीबीची औषधं घेऊनही वजन उतरत असेल, तर पुन्हा विचारा. नवी डोकेदुखी, हात जड होणं, तोल जाणं, अचानक झटका, याला वय म्हणू नका. जुने एक्स-रे फेकू नका. आणि सगळ्या तक्रारी तारखेनिशी एका वहीत लिहून ती वही प्रत्येक डॉक्टरसमोर ठेवा.

आज रात्री घरी फोन कराल तेव्हा "बरी आहेस ना?" असं विचारू नका. त्याला "हो" हेच उत्तर मिळतं. "आज भाकरी कशी झाली?" असं विचारा.

सर, उशीर झाला, पण पायऱ्या तपासल्या.