पतीचे ऋण

(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त भरलेल्या विवाहित जोडप्यांच्या मेळाव्यात एका भगिनीने केलेले भाषण)



आज सकाळच्या मिस्सेत, ज्यांच्या विवाहास पुष्कळ वर्षे लोटली अशा आपणां सर्वांस वेदीपुढे उभे करून आशीर्वाद देण्यात आला. त्यानंतर पत्नींच्या वतीने मी दोन शब्द बोलावे अशी फादरांची आज्ञा झाली. आज्ञा मोडवत नाही, म्हणून उभी राहिले. परंतु काम सोपे नाही. आम्हां वऱ्हाडातील बायकांना पतीविषयी बोलण्याची सवय ती कोठली? लग्नात एकदा लाजतमुरकत उखाणा घेतला, की पुढे जन्मभर "अहो" एवढ्यावर संसार चालतो. गाऱ्हाणे सांगावयाचे तर ओट्यावर घटकाच्या घटका निघून जातात. उपकार स्मरावयाचा म्हटला की मात्र जीभ अडते. आणि मग जे सांगावयाचे ते त्यांच्या पुण्यतिथीच्या मिस्सेपर्यंत राहून जाते.

या गोष्टीचा विचार करताना मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्या व त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक हे आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हेत. तथापि मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. 1880 च्या सुमारास, अगदी कोवळ्या वयात, त्यांचे लग्न झाले. लिहिणेवाचणे त्यांना पतीने शिकविले. पुढे 1895 साली मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईच्या डोक्यावर जणू आकाश कोसळले. लहान मुलाला घेऊन त्यांनी काही वर्षे पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने काढली.

येथे टिळकांच्या पतिधर्माची कसोटी होती. धर्मांतरामुळे जोडीदार नांदावयास तयार नसेल, तर न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेण्याची वाट 1866 च्या कायद्याने खुली केली होती. संत पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशा प्रसंगी मुभा सांगितली आहे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई अखेर अहमदनगरास त्यांच्या घरी आल्या, त्याही आपले सोवळे सोबत घेऊनच. प्रथम त्यांची चूलसुद्धा निराळी होती. पतीने ती चूल मोडली नाही. पुढे 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाचा निश्चय झाल्यावर.

भगिनींनो, हे ऐकून टिळक म्हणजे कोणी शांतमूर्ती संत असावेत असे समजू नका. ते रागीट होते, लहरी होते; हात इतका सढळ, की घरात उद्याची सोय आहे की नाही याचे भान राहू नये. लक्ष्मीबाईंनी हे काहीएक झाकून ठेवलेले नाही. 'स्मृतिचित्रे' या आपल्या ग्रंथात त्यांनी भांडणे सांगितली, फजिती सांगितली, आणि स्वतःच्या फजितीवरही त्या मनमोकळेपणाने हसल्या. प्रेमाची खात्री असते तेथेच दोष असे हसत सांगता येतात. ज्या काळी बायका पतीचे नाव घेत नसत, त्या काळी त्यांनी आपल्या ग्रंथात "टिळक", "टिळक" असे शेकडो वेळा लिहिले. माझ्या मते मराठीतील सर्वांत लांब उखाणा तो हाच होय!

परंतु एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. टिळक 1919 साली निवर्तले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला 1934 साली. ज्यांच्यासाठी हे लिहिले त्यांनी त्यातील एक ओळही वाचली नाही. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून पुरे केले, तेही त्यांनी पाहिले नाही.

आता आपल्याकडे वळू. शुभवर्तमानात संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाही. तो उठला, मरियेला व बाळाला घेऊन रातोरात निघाला, एवढेच आपण वाचतो. आपल्या या कापूस-ज्वारीच्या मुलखातील पुष्कळ पती त्याच जातीचे आहेत. ते बोलत नाहीत, करतात. माझ्याच घरचे सांगते. लग्नानंतर नवव्या वर्षी मी तापाने दोन महिने अंथरुणाला खिळले होते. ज्यांनी कधी परातीला हात लावला नव्हता, ते पहाटे उठून कळण्याच्या भाकरी थापीत. पहिल्या काही दिवसांच्या भाकरी बैलांनीच खाल्ल्या, हेही खरे! मुलांना जेवू घालून ते शेतात जात. त्या साली बैलजोडीतील एक बैल विकला गेला. तो माझ्या औषधासाठी विकला, हे मला चार वर्षांनी शेजारणीकडून कळले. मी त्यांना विचारले, तर म्हणाले, "म्हातारा झाला होता तो." तो बैल म्हातारा नव्हता.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. पुढेही बोलले नाही. आज आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षे झाली. ते मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसले आहेत. मी काय बोलणार याची धास्ती असावी. अहो, त्या बैलाची गोष्ट मी विसरले नाही. तुमचे ऋण माझ्यावर आहे, आणि ते मी परमेश्वरासमोर व या मंडळीसमोर मान्य करते.

भगिनींनो, विवाह-संस्कार वधू-वर एकमेकांस देतात, असे आपली ख्रिस्तसभा शिकविते. तो देताना आपण शब्द उच्चारले होते. मग पुढे मुके का राहावे? आज घरी गेल्यावर दिवा लावून रोझरी म्हणाल, तेव्हा शेवटच्या 'नमो मरिया'नंतर एक वाक्य त्यांच्यासाठी राखून ठेवा, आणि ते त्यांना ऐकू जाईल असे म्हणा.

परमेश्वर आपल्या सर्व घरांना आशीर्वाद देवो.